बाळसं कुठून येतं?

नवजात कक्षाच्या दाराशी रोज सकाळी एकच प्रश्न कानावर येतो : "आज किती भरलं?" आत परिचारिका बाळाला पेटीतून अलगद उचलते, लंगोट काढते, नळ्या-वायरींचा भार काट्यावर पडू नये म्हणून त्या एका हाताने वर धरते आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहते. 850 ग्रॅम. काल 838 होते. बारा ग्रॅम वाढले, एवढ्यावर बाहेरच्या सगळ्या घराचा दिवस चांगला जातो.

28 आठवडे पुरे व्हायच्या आधीच जन्मलेल्या बाळांची ही गोष्ट. आपल्या घाटी रुग्णालयात अशी बाळं जालना, बीड, बुलढाण्याकडूनही येतात. "पेटीत ठेवलंय" एवढंच नातेवाईक सांगतात. पण पेटी ऊब देते, बाळसं देत नाही. हाडांतलं कॅल्शियम, लोहाचा साठा, कातडीखालची चरबी हे सगळं बाळ आईच्या पोटात मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत गोळा करतं. तेच महिने या बाळाच्या वाट्याला आलेले नाहीत. ती कमाई त्याला आता बाहेर करायची आहे.

सुरुवात वजन घटण्याने होते. घरी पाचवी पुजायची वेळ येते तेव्हा इथे बाळ जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, कधी जास्तही, उतरलेलं असतं. ते भरून निघायला साधारण दोन आठवडे जातात. मग दर किलोमागे दिवसाला 15 ते 20 ग्रॅम वाढ आणि आठवड्याला डोक्याचा घेर सुमारे एक सेंटीमीटर, असं डॉक्टरांचं गणित असतं. नुसत्या वजनावर विसंबून चालत नाही, कारण अंगावर सूज आली तरी काटा वर जातो. म्हणून टेप लावून डोकं आणि लांबीही मोजतात. वाढ मंदावली की डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराचा धोका वाढतो, मेंदूच्या वाढीचीही काळजी लागते.

ही वाढ येते दुधातून. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ 34व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीनेच, दर दोन तासांनी, आधी एक-दोन मिलिलिटर. आईचा चीक पहिल्या दिवशी थेंबभरच निघतो, पण तो आतड्यांच्या जीवघेण्या आजारापासून बाळाला राखतो. पुढे या दुधात प्रथिनं आणि क्षारांची पूरक पावडर मिसळावी लागते, कारण एवढ्या लहान जिवाची गरज नुसत्या दुधाने भागत नाही. आईला दूध पुरेसं येत नसेल तर दुधपेढीचा आधार असतो. आशियातली पहिली दुधपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केली.

पण दूध टिकवायचं तर आईने दिवसातून आठेक वेळा, रात्रीही उठून, ते काढायला हवं. आणि ती आई कुठे असते? एका कक्षाबाहेर मी पाहिली : जिन्याखाली सतरंजी, उशाला कपड्यांची पिशवी, डब्यात सकाळची भाकरी. दूध काढायला आडोसा म्हणून सासूने लुगड्याचा पदर धरलेला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू गावी राहिले. ऊसतोडीच्या हंगामात नवरा फडावर परतला की डबा आणणारंही कोणी उरत नाही. दूध आटतं, आणि आत काटा अडतो.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 मध्ये आला आणि त्याने गरीब घरांचा मोठा भार उतरवला. पण त्यात बाळंतिणीच्या मोफत आहाराचे दिवस मोजलेले आहेत : साध्या बाळंतपणाला 3, सिझेरियनला 7. या बाळांचा मुक्काम मात्र दोन-तीन महिन्यांचा. दर आठवड्याला या जागेवर आरोग्याविषयी लिहिताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे : आईला कागदावर सुट्टी मिळाली, तरी बाळाच्या उपचारातून तिला सुट्टी नसते. औषध साठवायला आपण फ्रीज ठेवतो, मग ज्या आईतून औषध येतं तिला जागा का नको?

दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आई आणि आजारी बाळाला एकाच कक्षात ठेवून पाहिलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या त्या अभ्यासात एक ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चौथाईने घटले. तो निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलोच्या आतली बाळं त्या अभ्यासात नव्हती, पण त्यांनाही दूध आईचंच लागतं.

म्हणून मागणी साधी आहे. बाळ कक्षात असेपर्यंत आईला कक्षालगत खाट, दोन वेळचं गरम ताट आणि दूध काढायला दार लावता येईल अशी खोली मिळावी. व्हेंटिलेटरच्या मानाने हा खर्च फार थोडा आहे. तो जिल्ह्याच्या आराखड्यात औषधांच्या यादीशेजारी लिहिला जावा. मग सकाळी बाळाचं वजन विचारताना आपण आईलाही विचारू शकू : "काल रात्री जेवलीस का गं?"