चिंचेखालचा न्याय

परवा एका वर्गमित्राने विचारले, "तुमच्याकडे अजून पंचच न्याय करतात का रे?" प्रश्नात थोडे हसू होते. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यातल्या एका पावरा पाड्यावरचा. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दोन वर्षांपूर्वी माझे वडील आणि काका यांच्यात बांधावरून भांडण झाले. बोलणे बंद झाले. शेवटी पाटील, कारभारी आणि जाणती माणसे चिंचेखाली बसली. दोघांनाही मनातले सगळे बोलू दिले. रात्र सरता सरता बांधाचा दगड पूर्वीच्या जागी गेला. काकांना दंड झाला. त्या दंडाचा बोकड साऱ्या पाड्याने मिळून खाल्ला आणि दोघा भावांनी एकमेकांना मोहाची पाजली. पेरणीला काका आपले बैल घेऊन आमच्या शेतात हजर! कोर्टात एक जिंकतो, दुसरा हरतो. पण एकाच झऱ्यावर पाणी भरणाऱ्यांना नुसते जिंकून भागत नाही. हे आमच्या निरक्षर पंचांना पक्के ठाऊक आहे.

परंतु अर्धेच सांगणे हा खोटेपणा होईल. मी सातवीत असताना त्याच चिंचेखाली एका विधवेला डाकीण ठरवून दंड केला गेला. थोड्याच दिवसांत ती पाडा सोडून गेली. त्या बैठकीत एकही बाई नव्हती. माझी आई तिला लहानपणापासून ओळखत होती. पण आईला विचारणार कोण? मुलीचे देज ठरते तेव्हाही मुलीला कोणी विचारत नाही.

कुणाला डाकीण ठरवून छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असे गुन्हे पोलिसांकडेच गेले पाहिजेत. मात्र १९९६ च्या पेसा कायद्याने तंटे सोडविण्याची आमची रूढ पद्धत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. त्यात माझी आईही आली. मग चिंचेखाली तिला जागा का नाही?

मित्रा, होय, आमच्याकडे अजून पंच न्याय करतात, आणि ते राहावेत असे मला वाटते. पण पुढच्या बैठकीला मी आईला बरोबर नेणार आहे. पाटील काय म्हणाले, ते पुढच्या अंकात लिहीन.