उजेडाचं औषध आणि दीडशे किलोमीटर

मंडळी, राजकारण उद्या. आज जरा वेगळं.

ओळखीतले एक काका. कमरेवर, मांडीवर तांबूस चट्टे आणि खाज. सहा वर्षं गजकर्ण समजून मेडिकलमधून ट्यूब आणून लावली. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. निघाला कॅन्सर. नाव मायकोसिस फंगॉइडिस. बुरशीशी याचा काही संबंध नाही. आळंबीसारख्या गाठींवरून फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव दिलं. शरीराच्या संरक्षक टी पेशीच बिघडून त्वचेत ठाण मांडतात.

मलमाने हटत नाही तिथे उजेड कामाला येतो. कपाटासारख्या यंत्रात उभं राहायचं, 311 नॅनोमीटरचे अतिनील किरण काही मिनिटं घ्यायचे. चट्टे जाड असतील तर सोरालेनची गोळी आणि यूव्हीए किरण. हे सोरालेन आपल्या बावचीच्या बियांतही असतं बरं का! आजार रक्तात उतरला तर पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना किरण देऊन परत शरीरात सोडतात. येलच्या रिचर्ड एडल्सन यांनी 1987 मध्ये हे जगापुढे मांडलं.

मग अडलं कुठे? उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. काकांना जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. किरण तीन मिनिटं, मजुरी बुडते पूर्ण दिवसाची. चौथ्या महिन्यात त्यांनी जाणं सोडलं. काहींचा आजार खरंच चिवट असतो, मान्य. पण काकांच्या कागदावर उद्या 'उपचार लागू पडला नाही' असं लिहिलं गेलं, तर ते खोटं असेल. लागू पडली नाही ती एसटी.

एवढ्या दुर्मिळ आजारासाठी यंत्र कशाला, असं कुणी विचारेल. अहो, त्याच यंत्रात कोड आणि सोरायसिसच्या रुग्णांवरही उपचार होतात, आणि ते गल्लोगल्ली आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून कमानी उभ्या राहतात, मग प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक किरण कक्ष आणि तो चालवणारा प्रशिक्षित माणूस का नको? पुढच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांना हे निवेदन देणार आहे. सोबत सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहा.

आणि हो, महिनोन्‌महिने न हटणारा चट्टा असेल तर ट्यूब बाजूला ठेवा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एका तपासणीत कळलं नाही तर पुन्हा तुकडा तपासावा लागतो, कंटाळू नका. आणि उपचार म्हणून उन्हात बसू नका. उन्हाचा डोस मोजता येत नाही, यंत्राचा येतो.