वेडा म्हणे!

ऑटोमन सुलतान पाचवा मुराद म्हटलं की "तो वेडा ना?" एवढ्यावर विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही.

३० मे १८७६ ला मंत्र्यांनी त्याच्या काकाला, अब्दुलअझीझला, खाली खेचून याला गादीवर बसवलं. पाचच दिवसांत काका मेला, मनगटाच्या शिरा कापलेल्या. १५ जूनला एका अधिकाऱ्याने मंत्र्यांच्या बैठकीत घुसून युद्धमंत्री हुसेन अवनी पाशाला ठार केलं. आधीच दारूने पोखरलेला माणूस कोसळणार नाही तर काय? व्हिएन्नाहून आलेले डॉ. लाइडेसडॉर्फ म्हणाले, उपचार केले तर बरा होईल. पण थांबायचं होतं कुणाला? ९३ दिवसांत खेळ खलास, सावत्रभाऊ अब्दुलहमीद गादीवर.

आणि मुराद खरंच बरा झाला की! चिराआन राजवाड्यातल्या कैदेत पियानोसाठी (चक्क पाश्चात्त्य) संगीत रचत बसला. १८७८ मध्ये अली सुआवी त्याला सोडवायला गेला, तो तिथेच मारला गेला. वेड्यावर २८ वर्षं, म्हणजे १९०४ मध्ये मरेपर्यंत, पहारा कशाला लागतो हो?

राज्यघटना देऊन सव्वा वर्षात संसद गुंडाळणारा, पुढे ३० वर्षं ती न भरवणारा भाऊ मात्र "मुत्सद्दी"!