सापडलं तर कुणाचं?

दिवाळीला भाचा लेस्टरहून आला. बॅगेतून चॉकलेटं निघाली, वहिनीसाठी स्वेटर निघाला आणि तळाशी तीन तुकड्यांत सुटी केलेली एक काठी निघाली. तुकडे जोडून त्यानं खाली ताटाएवढी चकती बसवली आणि कानाला हेडफोन लावले. आईनं विचारलं, "हे काय रे, गवत कापायचं?"

"नाही आजी, मेटल डिटेक्टर. जमिनीतली जुनी नाणी, दागिने शोधायचे. तिकडं रविवारी आम्ही मित्र शेतकऱ्याची परवानगी काढून जातो."

हे ऐकून दादा खुर्चीत सावरून बसला. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. शेताच्या वरच्या अंगाला एक पडकं देऊळ आहे आणि त्याच्यामागं सोन्याचा हंडा पुरलाय, असं आजोबांच्या वेळेपासून ऐकत आलोय. हंड्यावर नाग बसलेला असतो, हेही आलंच. आपल्याकडं असा हंडा नसलेलं गाव दाखवा! दादा हळूच म्हणाला, "एकदा रात्री देवळामागं फिरवून बघूया की."

स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. ती धारवाडची. "निधि सिक्र सरकारक्क, सिगलिल्लंद्र बेन्नुनोवु नमग!"

सगळे हसले, मी मात्र हसले नाही. मी दादाला सरळ सांगितलं, देवळामागं मशीन गेलं तर मी या घरात पाऊल टाकणार नाही. तुम्हाला आठवत असेल, जुलै २०१९ मध्ये हंपीजवळ आनेगुंदीला व्यासराजांचं वृंदावन एका रात्रीत फोडलं होतं. कृष्णदेवरायाचे गुरू, पुरंदरदास आणि कनकदास ज्यांचे शिष्य, त्यांची समाधी! कशासाठी? निधीसाठी. भक्तांनी थोड्याच दिवसांत ती पुन्हा उभी केली, ही गोष्ट वेगळी. पण आपल्या भागात किती नंदी, किती नागशिळा अशा रात्री उलट्यापालट्या झाल्या असतील? त्यांची बातमीही होत नाही.

दोन दिवस दादा माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना भाच्यानंच विषय काढला. १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सफोक भागात हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं एरिक लॉज नावाच्या ओळखीच्या निवृत्त माणसाला डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोड्याऐवजी आधी निघाले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी. आता खरी गोष्ट पुढं आहे. तो माणूस तिथंच थांबला. सगळं उपसून घरी नेलं नाही, शेतमालकाला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन उरलेली माती जपून उकरली. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी निघाली. लाकडी पेटी केव्हाच कुजून गेली होती, पण कुठली वस्तू कशाशेजारी होती हे कळल्यामुळं ती पेटी कशी भरली होती तेसुद्धा सांगता आलं. लॉजना साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं आणि त्यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्या दागिन्यांत सोन्याचं एक कंकण आहे. ज्युलियाना बाईंनी हे सुखानं वापरावं, अशा अर्थाची अक्षरं त्याच्यावर जाळीत कोरलेली आहेत. हे ऐकून आई एकदम म्हणाली, "बिचारीला परत नाही ना मिळालं घालायला?" सोळाशे वर्षांपूर्वीच्या बाईबद्दल!

१९९६ साली तिथं नवीन कायदा झाला. कायद्यानं ठरवलेला खजिना सापडला की चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयाला तो हवा असेल तर किंमत ठरते आणि बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मं निम्मं. लपवलं तर? २०१५ मध्ये हेरफर्डशायरला दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी तो दडवून विकायला काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तीसेकच सरकारच्या हाती लागली आणि २०१९ मध्ये दोघंही तुरुंगात गेले. त्या थोड्या नाण्यांवरूनसुद्धा तिथल्या दोन राजांच्या संबंधांचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. मग उरलेल्या नाण्यांनी काय काय सांगितलं असतं?

आपल्याकडं तर याहून जुना कायदा आहे. १८७८ चा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, असं त्यात म्हटलंय. आपल्या कर्नाटकानं १९६२ मध्ये स्वतःचा निधीविषयक कायदा केला. कळवणं त्यातही आलंच. बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातली वस्ती होती, हे आपल्याला रीतसर उत्खननामुळं कळलं. तिथली नाणी कुणी आधीच गोळा करून सोनाराला घातली असती तर आपण आपल्याच गावाचं वय कसं सांगितलं असतं?

दादा ऐकत होता. बोलली आई. "देवळाचं राहू दे. माझी बुगडी शोधा."

ही बुगडी चाळीस वर्षांपूर्वी खळ्यावर पडली. मळणी चालली होती, डोक्यावरचं ओझं उतरवताना कानातली बुगडी निसटली. आजीनं तेव्हा आईला जे ऐकवलं ते आई अजून शब्दन् शब्द सांगते. तर दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, यंत्र खळ्यावर गेलं.

या यंत्राचं काम तसं सोपं. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह उठतात, ते यंत्र टिपतं आणि कानात आवाज येतो. छोटं नाणं वीतभर खोलीपर्यंतच कळतं, त्यामुळं पुरुषभर खोल हंड्याची आशा धरूच नये. त्यात आपली जांभ्याची लाल माती लोहानं भरलेली. इंग्लंडच्या मातीत शहाण्यासारखं वागणारं ते मशीन आमच्या खळ्यावर तान्ह्या पोरासारखं रडत होतं. चार तासांत निघालं काय, तर बैलांच्या पायातल्या पत्र्या, खिळे, सोडावॉटरचे बिल्ले आणि फाळाचा एक तुकडा.

आणि एक तांब्याचं नाणं. वहिनीनं पदरानं पुसलं तर एका बाजूला 'छत्रपति' वाचता आलं. शिवराई! दादाचे डोळे भरून आले. "सोन्याचा होन असता तर..." तो म्हणाला. "होन आमचा शब्द," वहिनीनं लगेच सांगितलं, "होन्नु म्हणजे सोनं. मग राज्य तुमचं असू दे." शिवराई पुढं पेशवाईतही पडत राहिली, त्यामुळं ही नेमकी कुणाच्या काळातली ते जाणकारच सांगतील. दादाला ती देव्हाऱ्यात ठेवायची होती. भाच्यानं आधी जागेचा फोटो काढला, विहिरीपासूनचं अंतर मोजलं, चार बोटं खोल असं लिहून ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, ही दहा रुपयांहून जास्तच किमतीची असणार."

दादा अर्ज घेऊन कचेरीत गेला तेव्हा मी बरोबर होते. कारकुनानं नाणं उलटंपालटं केलं, आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "इष्टेना?" एका नाण्यासाठी अर्ज करणारे आम्हीच पहिले असू. पण अर्जावर शिक्का मारून त्यानं पोच दिली आणि बोलावणं येईपर्यंत नाणं सांभाळून ठेवा म्हणाला. ती पोच दादानं देव्हाऱ्यात ठेवली आहे, नाण्याशेजारी.

आईला वेगळीच काळजी लागली होती. "बुगडी सापडली तर तीही सरकारला द्यायची का रे?"

"नाही आजी," भाचा म्हणाला, "तिची मालकीण समोर बसलीय."

तो परत गेला, मशीन इथंच ठेवून गेला. खळ्याची पूर्वेकडची बाजू अजून बघायची राहिली आहे. दादा रविवारी सकाळी हेडफोन लावून निघतो आणि दहा वाजले की वहिनी चहा घेऊन जाते.