बूस्टर घेण्याआधी रिमोट कसा धरताय ते बघा



आमचं एक ड्रोन उसात गेलंय. अजून सापडलेलं नाही. फवारणीचं मोठं नव्हे, पुतण्यानं घरी जोडलेलं, ताटाएवढं, छंदाचं. परतीच्या पावसात खालच्या पट्टीतला ऊस लोळला होता. आत शिरायची सोय नाही, म्हणलं वरून बघू किती गेलाय. पुतण्या बांधावर मोटारसायकलवर बसला, रिमोट मांडीवर. ड्रोन चारेकशे मीटर गेलं, तिथं त्यानं नीट दिसावं म्हणून ते उसाच्या शेंड्यापर्यंत खाली आणलं. चित्र फाटलं, परत आलं, मग काळं झालं. लिंक तुटली की मोटारी बंद, असं सेटिंग होतं. पडलं. दोन दिवस पाचटात हिंडलो, हात-तोंड कापून घेतलं, हाती काही नाही.

तिसऱ्या दिवशी पुतण्या मोबाइल घेऊन आला. "काका, साडेचार हजाराला बूस्टर आहे आणि लांब अँटेना. तीन किलोमीटर जातं." मी म्हणलं, चारशे मीटरला तुटलं ते कशानं तुटलं ते आधी बघू. त्यावरनं घरात वाद झाला, म्हणून हे लिहितोय. वाई भागात आता बऱ्याच पोरांच्या हातात असली ड्रोन आहेत आणि सगळ्यांचा ओढा त्या बूस्टरकडंच दिसतो.

अँटेना ताकद तयार करत नाही. पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब जातं, पण मोटर काही जास्त पाणी देत नाही. रुंदी कमी झाली म्हणून लांबी वाढली. अँटेनाचं तेच. रिमोटवरची साधी काडी सिग्नल टाकते तो तिच्या भोवती, आडवा, मेदूवड्याच्या आकारात. वड्याचं भोक म्हणजे काडीचं टोक. टोकाच्या दिशेला जवळजवळ काही जात नाही. आणि आपण काय करतो? बंदूक रोखावी तशी काडी ड्रोनवर रोखतो. पुतण्याचंही तेच झालेलं. रिमोट मांडीवर, काडीचं टोक सरळ उसाकडं. काडीची कूस ड्रोनकडं हवी, टोक नव्हे. ज्या रिमोटला चपटे अँटेना असतात, त्यांची सपाट बाजू ड्रोनकडं करायची.

पन्नाशीतल्या लोकांना हे सांगायला नको. कौलावर चढून एरियल फिरवणारं पोरगं आणि दारातनं "आलं, आलं, आता हलवू नको" म्हणून ओरडणारी आई कुणाच्या घरात नव्हती? टीव्ही तोच, टॉवर तोच, फक्त दिशा बदलली की मुंग्या जाऊन चित्र यायचं. कुणी बूस्टरवर पैसे घालायच्या आधी एरियल फिरवून बघायचं. ती अक्कल आपण विसरलो काय?

दुसरी गोष्ट, काडी उभी का आडवी. रिमोटची उभी आणि ड्रोनवरची आडवी असली, तर सिग्नलचा शंभरावा हिस्सासुद्धा पोचेल याची खात्री नाही. ड्रोन वळताना कलतं, म्हणून चित्रासाठी गोल फिरणाऱ्या लहरींचे, कुल्फीसारखे दिसणारे अँटेना लावतात. त्यात डावा आणि उजवा असतो. एका बाजूला डावा, दुसऱ्याला उजवा लावला तर उलट्या आट्यांचा बोल्ट नटात घालण्यातला प्रकार. बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेले असतात.

आमच्या ड्रोनवरचा अँटेना कुठं होता ते जुन्या फोटोत बघितलं. कार्बनच्या फ्रेमखाली, पट्टीनं घट्ट आवळलेला. कार्बन फायबर रेडिओ लहर अडवतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिचा पाव भाग म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. वायरीच्या टोकाचा तेवढाच उघडा तुकडा खरं काम करतो, आणि आम्ही तोच लोखंडी पेटीत ठेवल्यागत केला होता. लांब अँटेना म्हणजे चांगला अँटेना, हाही गैरसमजच. लांबी लहरीला जुळावी लागते.

आता ऊस. लोक म्हणतात, समोर दिसतंय म्हणजे सिग्नल जाणार. तसं नसतं. रिमोट आणि ड्रोनमधली लहर दोरीसारखी बारीक नसते, मधोमध फुगलेली असते. चारशे मीटर अंतराला २.४ गिगाहर्ट्झवर तो फुगा मध्यावर साडेतीन मीटर त्रिज्येचा, म्हणजे अकरा-बारा फूट. तेवढं मोकळं नसेल तर सिग्नल गळतो. आमचा ऊस दहा-बारा फूट, पावसानं ओला, ड्रोन त्याच्या शेंड्याला टेकलेलं आणि माणूस गाडीवर बसलेला. ओलं पान ही लहर पितं. म्हणजे सगळा सिग्नल आम्ही हिरव्या भिंतीतनं ढकलत होतो. उसाला लागून उभं राहायचं नाही, मोकळ्या रानात मागं सरायचं, जमलं तर ट्रॉलीवर चढायचं आणि ड्रोन उंच ठेवायचं. ह्याला पैसे पडत नाहीत.

बूस्टरचं गणित बघा. अंतर दुप्पट करायचं तर ताकद चौपट लागते, तीसुद्धा मोकळ्यावर. आणि वाईत मोकळं किती आहे? पांडवगड, वैराटगड, सोनजाई, सगळीकडं डोंगर. डोंगराआड गेलेल्या ड्रोनला बूस्टर काय करणार? शिवाय परवान्याशिवायच्या पट्ट्यात शक्तीला मर्यादा आहे आणि ती अँटेनाची वाढ धरून मोजतात. परदेशी व्हिडिओ बघून ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल मागवणारेही आहेत. आपला मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ चा. ९१५ च्या आसपास मोबाइलचं काम चालतं.

चांगला अँटेना काय करतो ते बघायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत, काही जवळ, काही पंचवीस किलोमीटर पसरलेल्या. ही दुर्बीण अवकाशात काही पाठवत नाही. फक्त ऐकते. आणि थाळीला पत्रा नाही, बारीक तारांची जाळी आहे, कारण येणारी लहर जाळीच्या भोकापेक्षा कितीतरी मोठी असते. वजन कमी, वाऱ्याचा जोर कमी, खर्च कमी. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी डोकं चालवलं ते अँटेनावर.

मी अँटेनाच्या विरोधात नाही. ज्याला लांबच लांब पट्टी एका बाजूनं बघायचीय, त्यानं एका दिशेचा पॅनल अँटेना जरूर घ्यावा. पण मागं-बाजूला तो बहिरा असतो, ड्रोन डोक्यावरनं मागं गेलं की गेलं.

आणि तीन किलोमीटर हवेत कशाला, हा माझा खरा सवाल आहे. ताटाएवढं ड्रोन चारशे-पाचशे मीटरच्या पुढं डोळ्याला दिसत नाही. खाली हळदीत बायका खुरपत असतात, रस्त्यानं पोरं शाळेतनं येत असतात. न दिसणारी वस्तू लोकांच्या डोक्यावरनं उडवणं मला पटत नाही, सिग्नल कितीही चांगला असो.

पुतण्यानं बूस्टर रद्द केलेला नाही, "बघू" म्हणलाय. पण दुसऱ्या ड्रोनचा अँटेना त्यानं प्लास्टिकच्या नळीत घालून मागं उभा काढलाय. काल आम्ही ट्रॉलीवर उभं राहून तीच पट्टी बघून आलो, त्याच रिमोटवर, चित्र एकदाही फाटलं नाही. निम्म्याच्या वर ऊस लोळलाय. पहिलं ड्रोन मात्र आता तोडणीलाच सापडेल. टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवलंय, कोयत्याला काही लागलं तर हाक मारा.