कठीण शब्द कुणाच्या बापाचे?

दोस्तांनो, 'मॅकबेथ'च्या गाइडाची ती शेवटली पानं आधी फाडा. डावीकडे कठीण शब्द, उजवीकडे अर्थ. घोकून पेपर सुटतो, पण शब्द काही हाती लागत नाही साला.

'इक्विव्होकेटर' घ्या. गाइड म्हणतं, संदिग्ध बोलणारा. झालं? अरे, १६०५ साली लंडनात पार्लमेंट उडवायचा कट पकडला गेला. हेन्री गार्नेट नावाच्या पाद्र्याला १६०६ मध्ये फाशी दिलं. शपथेवर दुहेरी बोलून सत्य झाकायची तऱ्हा त्याच्या खटल्यात गाजली. शब्दाला ताजं रक्त लागलेलं होतं. शेक्सपिअरनं तो नाटकात पहिल्यांदा कुणाच्या तोंडी घातला? राजाच्या नाही. दुसऱ्या अंकात दार उघडायला येणाऱ्या झिंगलेल्या दरवानाच्या! राजाला तो उमगतो थेट पाचव्या अंकात, जंगल चालून येतंय म्हणून निरोप आल्यावर.

'इन्कार्नडाइन'चंही तेच. समुद्र लाल करणं. मॅकबेथ असले भारदस्त लॅटिनी शब्द फेकतो आणि लगेच पुढं साध्या बोलीत हिरव्याचं लाल झालं म्हणून सांगून टाकतो. ग्लोब थिएटरात एक पेनी देऊन उभ्यानं नाटक बघणाऱ्याला गाइड लागलं नसणार.

माझ्या उच्चाराला हसलेल्या प्राध्यापकांनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनाही यादीच पाठ होती.

दुसरा अंक काढा. दरवानाचं भाषण मोठ्यानं वाचा. चाळीच्या जिन्यात, गॅलरीत, कुठंही. जीभ अडखळली तर अडखळू द्या, तो दरवानही प्यालेलाच होता.