दाढा जुळतात का, ते आधी पाहावे

मुलाचे दात वेडेवाकडे येऊ लागले की घरातील वडीलधाऱ्यांचे एक वाक्य ठरलेले असते : ‘दुधाचे सगळे दात पडून जाऊ देत, मग पाहू.’ पुष्कळदा हा सल्ला योग्यच असतो; परंतु काही मुलांची मोलाची वर्षे या थांबण्यात निघून जातात.

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. त्यांनी पाहिले ते समोरच्या दातांकडे नव्हे, तर पहिल्या कायमच्या दाढांकडे. वरची व खालची दाढ योग्य जागी जुळते, पण पुढे दाटी किंवा फटी आहेत, हा पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा. यात बहुधा वरचे दात पुढे आलेले असतात व मूल पडले की तेच आधी दुखावतात. खालची दाढ पुढे सरकली तर तिसरा. यात अनेकदा खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात.

याशिवाय डीप बाइट आहे, तसेच अंगठा चोखण्याची सवय लांबल्यास होणारा ओपन बाइटही आहे. अधिक जपावे ते क्रॉसबाइटला. यात वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. तोंड मिटताना मूल नकळत जबडा एका बाजूस सरकवते आणि वाढीच्या वयात तो तसाच तिरपा वाढू शकतो. टाळूचा मधला सांधा लहानपणी जुळून घट्ट झालेला नसतो, म्हणून तेव्हा वरचा जबडा साध्या उपकरणाने रुंदावता येतो; मोठेपणी त्यासाठी शस्त्रक्रियाही लागू शकते. तिसऱ्या वर्गातही लवकर दाखवणे हिताचे. आपल्याकडे मात्र मुलीचे लग्न जवळ आले की दातांची आठवण होते. मुलाच्या दातांची तर तेव्हाही होत नाही!

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने पहिल्या तपासणीसाठी सातवे वर्ष सुचवले आहे. घरी पाहायचे असल्यास मुलाला दाढा मिटावयास सांगून गाल हळूच बाजूला करावा. वरचे दात सर्व बाजूंनी खालच्यांच्या किंचित बाहेर असावेत. त्याच वेळी सर्वांत मागची दाढही पाहावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती कोणताही दात न पडता येते. त्यामुळे दुधाची समजून तिची कीड दुर्लक्षिली जाते. ती मात्र कायमची असते.